वारंवार निखळणारा खांदा आणि कबड्डीचा सराव

प्रश्न : डावा कोपरा
मी २३ वर्षांचा असून कोपरारक्षक म्हणून खेळतो. दोन वर्षांत माझा डावा खांदा तीनदा पुढच्या बाजूला निखळला. पहिल्यांदा साखळीत माझा हात जोडीदाराच्या हातात असताना चढाईपटू मधूनच मुसंडी मारून निघाला आणि हात बाहेर व मागे ओढला गेला. तिसऱ्यांदा मात्र झोपेत कूस बदलतानाच निखळला. दर वेळी तीन आठवडे हात झोळीत ठेवतो आणि दुखणे थांबले की मॅटवर उतरतो. पुढच्या महिन्यात निवड चाचणी आहे. तोवर जोर आणि बेंच प्रेस चालू ठेवावेत का?

उत्तर : फिजिओथेरपिस्ट, पुणे
दुखणे थांबणे आणि खांदा बरा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खांद्याची खोबण बशीसारखी उथळ असते आणि तिच्या कडेची कूर्चा एकदा सुटली की तरुण वयात ती पुष्कळदा मूळ जागी जुळून येत नाही. झोपेत निखळणे मला अधिक गंभीर वाटते, कारण खोबणीचे हाड झिजले असेल तर इतक्या साध्या हालचालीतही खांदा सुटतो. म्हणून आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. एमआरआय आणि हाडासाठी सीटी स्कॅन करायचा का, ते ठरवतील.

तोवर मानेमागून वजन उचलणे, डिप्स, रुंद पकडीचा बेंच प्रेस आणि छाती जमिनीला टेकेपर्यंतचे जोर पूर्ण बंद ठेवा. तज्ज्ञांनी परवानगी दिली की कोपर बरगडीशी ठेवून, मध्ये टॉवेलची गुंडाळी दाबून, रबरी पट्टा सावकाश बाहेर ओढा. गुंडाळी खाली पडली तर काम खांद्याच्या खोल स्नायूंऐवजी दुसरेच स्नायू करत आहेत असे समजा आणि हलका पट्टा घ्या. जोर आधी भिंतीवर, मग टेबलावर आणि शेवटी जमिनीवर, तेही कोपरे अंगालगत ठेवून.

उत्तर : जुना मध्यरक्षक
माझा खांदा सहकाऱ्यांनी मैदानावरच ओढून बसवला होता आणि त्यानंतर दंडाच्या वरच्या बाहेरच्या भागात तळहाताएवढी जागा कित्येक आठवडे बधिर होती. तिथली नस ताणली गेली होती, हे डॉक्टरांनी नंतर सांगितले. आपल्या संघातील मुलांना एवढे तरी अवश्य सांगा, की निखळलेला हात कोणी ओढू नये. आहे त्या स्थितीत आधार द्यावा आणि रुग्णालय गाठावे. पुढे माझी शस्त्रक्रिया झाली आणि पकडीच्या सरावाला सहा महिन्यांनी परवानगी मिळाली. तो काळ मला फार जड गेला, पण त्यानंतर चार हंगाम खेळलो.

डावा कोपरा
दोघांचेही मनापासून आभार. शुक्रवारची वेळ घेतली आहे. चाचणीला उतरू नये, हे कळते आहे. तरी विचारतो, परतायची वेळ कशी ओळखावी?

फिजिओथेरपिस्ट, पुणे
तारखेवरून ठरवू नका. डाव्या हाताची ताकद उजव्याच्या ९० टक्क्यांच्या आसपास आली, हात डोक्याजवळ बाहेर वळवताना ‘आता सुटेल’ ही भीती उरली नाही आणि तज्ज्ञांनी होकार दिला, की आधी एकट्याने पदलालित्य, मग हलक्या पकडी आणि सगळ्यात शेवटी साखळी, या क्रमाने परत या.