मदत हवी आहे: वजनकाट्यावरच्या टर्मिनलला लॉगिनच येईना झालंय (जुनं युनिक्स)

उद्यमबागवाला
सकाळपासून काट्यावरच्या वायझ ६० टर्मिनलवर नुसता कर्सर लुकलुकायलाय, लॉगिन येईना. गेटवर भंगाराच्या तीन लॉऱ्या उभ्या हायत. आधी पण दोनदा असंच झालतं, इनिटटॅबमध्ये (कुठल्या पोर्टवर लॉगिन चालू ठेवायचं ते सांगणारी फाईल) ऑफचं (बंद) रिस्पॉन (परत परत चालू) करून सोडलो की चालतंय, परत कधीतरी जातंय. कायमचा इलाज सांगा की, लवकर.

निपाणी_वखार
केबल बघा आधी. आमच्या तंबाखूच्या वखारीत वळवाच्या पावसात वीज कडाडली अन् सिरीयल पोर्टच जळला. गेटपर्यंत किती लांब हाय? आरएस-२३२ सिरीयल केबलचा पन्नासेक फुटापुढं भरवसा नाही, कन्व्हर्टर टाका, मी तेच टाकलोय.

उद्यमबागवाला
केबल बरी हाय ओ. रूटवरनं (अ‍ॅडमिनच्या लॉगिनवरनं) त्या पोर्टला डेट कमांडनं तारीख पाठवलो तर काट्यावर दिसतंय.

शहापूरचा_पोर
अजून युनिक्स कशाला ठेवलाय, लिनक्स टाकून सोडा.

निपाणी_वखार
लॉरी गेटवर उभी करून ओएस बदलायचं? अन् एवढ्या वर्षांचं खातं कुठं नेणार?

शहापूरचा_पोर
आजच करा म्हटलो नाही मी. उद्या डिस्क मेली तर तसली डिस्क कुठनं आणणार ते सांगा.

खानापूरकर
दोघं थांबा की जरा. व्हर्जन कुठलं? बंद पडायच्या आधी काय केलता?

उद्यमबागवाला
एससीओ ओपनसर्व्हर ५.०.५. काही केलो नाही. काल फक्त नेटवर्क कार्ड बदलून नेटकॉन्फिग (नेटवर्क सेट करायचा प्रोग्राम) चालवलो, शेवटी कर्नल (सिस्टिमचा गाभा) लिंक करू का, म्हणजे नव्यानं जोडू का, वगैरे विचारलं, सगळ्याला वाय दाबलो. गेल्या खेपेला टेप ड्राइव्ह बसवलेलो.

खानापूरकर
मग तेच कारण. लिंक झाल्यावर कर्नल एन्व्हायर्न्मेंट (डिव्हाइस फायली अन् इनिटटॅब) परत बांधू का विचारतंय, वाय दिलं की इनिटटॅब नव्यानं तयार होतंय, /ईटीसी/कॉन्फ/सीएफ.डी मधली इनिट.बेस अन् /ईटीसी/कॉन्फ/इनिट.डी मधल्या फायली जोडून. तुम्ही दुरुस्ती करताय तयार फायलीत, मुळात नाही, म्हणून पुसली जायलीय. इनिट.डी मध्ये एसआयओ (सिरीयल पोर्टांची) फाईल हाय, त्यात टीटीवाय१ए (पहिला सिरीयल पोर्ट) ची ओळ शोधा, लहान ए ची, तिथं ऑफचं रिस्पॉन करा. मोठ्या ए ची ओळ मोडेमची, पोर्ट एकच, ती ऑफच राहू दे. तेच इनिटटॅबमध्ये पण करा अन् टेलइनिट क्यू कमांड द्या, इनिटटॅब परत वाचलं जातंय, रीबूट नको. त्या प्रश्नाला एन मात्र म्हणू नका, नव्या कार्डाच्या डिव्हाइस फायली त्यातच बनतात. हे कळायला माझा आख्खा दिवाळीचा पाडवा गेलाय.

वडगाव_डीटीपी
पावती कन्नड-मराठी दोन्हीत पाहिजे असेल तर डॉट मॅट्रिक्सवर ग्राफिक्स मोडमध्ये छापा, मी करून देतो.

उद्यमबागवाला
आलं! पहिली लॉरी काट्यावर चढली. एसआयओत खरंच ऑफ होतं ओ. स्टोअरचा टर्मिनल टीटीवाय२ए वर हाय, त्याची ओळ पण तिथंच का?

खानापूरकर
तिथंच. अन् संध्याकाळी काटा बंद झाल्यावर एकदा मुद्दाम कर्नल लिंक करून बघा, आता नको. नवा कर्नल उठला नाही तर बूटला युनिक्स.ओल्ड (आधीचा कर्नल) टाइप करा.