क्रूझवर वरण-भात खाल्ला तर बोट बुडते का?

खमंग काकडी

मुशाफिर यांच्या 'आपली माणसं आणि क्रूझ' या लेखावर प्रतिसाद लिहायला बसले, तो हाताबाहेर गेला, म्हणून वेगळा धागा. लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मुशाफिर सिंगापूरहून मलेशियातलं पेनांग आणि थायलंडमधलं फुकेत अशा क्रूझवर गेले. तिथे महाराष्ट्रातल्या एका टूर ग्रुपने भारतीय काउंटरपुढे रांग लावली, टेबलावर मेतकुटाची पुडी सोडली, बायका पंजाबी ड्रेसमध्ये पूलच्या कडेला पाय सोडून बसल्या आणि कुणी वाईनच्या ग्लासाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यावर मुशाफिरांचा निकाल: 'या लोकांनी महाबळेश्वरला जावं, भजी तिथेही मिळतात.'

का हो? तिकिटाचे पैसे तुम्ही दिले होते?

मी सासूबाईंना घेऊन त्याच मार्गावर गेले होते. त्यांचं सगळं आयुष्य सकाळी उठल्याबरोबर 'आज भाजी कुठली' या प्रश्नात गेलंय. बोटीवर पहिल्या दिवशी त्या बुफेत रिकामी ताटली हातात धरून नुसत्या फिरल्या. सगळे काउंटर बघितले. मग डाळ-भात, लोणचं घेऊन खिडकीशी बसल्या आणि म्हणाल्या, 'हे मी केलेलं नाही, म्हणून जास्त चांगलं लागतंय.' रात्री डायनिंग रूममध्ये वेटरकडे हिरवी मिरची मागितली. दुसऱ्या रात्री खुर्चीत बसायच्या आत बशीत उभ्या चिरलेल्या मिरच्या आणि लिंबाची फोड हजर. तिसऱ्या रात्री शेजारच्या टेबलावरच्या ऑस्ट्रेलियन बाईंनीही मिरची मागून बघितली आणि पुढची दहा मिनिटं पाणी पीत बसल्या.

जेवण झालं की आम्ही डेकवर. मलाक्काच्या सामुद्रधुनीत रात्री मालवाहू जहाजांची नुसती रांग असते, एकामागे एक दिवे. सासूबाई ते दिवे बघत बसायच्या आणि मशीनमधलं आईस्क्रीम दर थोड्या वेळाने उठून आणायच्या. वाईन नाही प्यायल्या. मग क्रूझ फुकट गेली?

मुशाफिर

माझ्या लेखातली सोयीची वाक्यं तेवढी उचललीत. मेतकूट हा विनोद होता, आणि तो झोंबला यातच सगळं आलं. मुद्दा पेनांगचा होता, तो तुम्ही शिताफीने गाळलात.

बोट स्वेटनहॅम पिअरला लागते. उतरलं की चालत जॉर्ज टाउन, २००८ पासून जागतिक वारसा यादीत असलेलं गाव. रस्त्यावर 'चार क्वे तियाव' म्हणजे तांदळाच्या रुंद शेवया परततायत, 'असाम लक्सा' म्हणजे आंबट रश्श्यातल्या शेवया उकळतायत, लोक खास खायला म्हणून त्या गावी येतात. आणि आपला ग्रुप भिंतीवरच्या चित्रांपाशी फोटो काढून साडेबाराला बोटीवर परत. का? 'लंच इन्क्लूडेड आहे.' लिफ्टमध्ये एक काका अभिमानाने सांगत होते की आज बाहेर एक रिंगिट खर्च केला नाही.

तुमच्या सासूबाईंबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्या काकांबद्दल आहे.

चिऊताई

असाम लक्सा माशाच्या रश्श्यात असतं. चार क्वे तियावमध्ये कोळंबी, शिंपल्या आणि बऱ्याचदा डुकराची चरबी. भाजी म्हणून जे दाखवतात त्यात बेलाचान, म्हणजे कोळंबीची आंबवलेली चटणी. मी शाकाहारी आहे, हे सगळं विचारून-विचारून थकून उपाशी फिरलेली आहे. बोटीवर परत जाणारे सगळे कंजूष नसतात, मुशाफिर. काहींना भूक लागलेली असते.

मुशाफिर

@चिऊताई, पेनांगला लिटल इंडिया आहे. केळीच्या पानावर सांबार-भात मिळतो, बंदरापासून दहा-पंधरा मिनिटं चालायचं. पण त्यासाठी टूर लीडरच्या झेंड्यामागून बाजूला व्हावं लागतं.

खमंग काकडी

म्हणजे पेनांगला जाऊन सांबार-भात खाल्ला की तो अनुभव, आणि बोटीवर खाल्ला की मागासलेपणा. छान!

बाकी ते लंचसाठी परत येणं मलाही पटत नाही, हे लिहून ठेवते. तुमच्या लेखात तो एकच परिच्छेद बरा होता.

निळी छत्री

जेवणावरून भांडताय, दारूच्या हिशोबाचं बोला. आमच्या बोटीवर नियम असा की खोलीतल्या एका प्रौढाने ड्रिंक्स पॅकेज घेतलं तर दुसऱ्यानेही घ्यायचं. नवऱ्याला हौस. मी दारूला शिवत नाही, पण पैसे माझेही भरले, वर अठरा टक्के ग्रॅच्युइटी, म्हणजे टिप. मग मी सूडबुद्धीने सकाळपासून व्हर्जिन मोहितो, ताजा संत्र्याचा रस, कापुचिनो असं सुरू केलं. संध्याकाळपर्यंत पोटात नुसता खळखळाट. नवरा दोन बिअरमध्ये आडवा आणि कॅसिनो उघडायच्या आत झोपलेला. वसुली या शब्दाचा मला तिटकारा आलाय.

फुकेतला घेतलेली बाटलीही बोटीत शिरताना काढून घेतली, ती शेवटच्या दिवशी परत.

सीए सदाशिव

वसुलीला नावं ठेवू नका, पैसा घामाचा असतो. काही व्यावहारिक गोष्टी सांगतो.

खिडकी नसलेली आतली खोली घ्या, खोलीत झोपायलाच जायचंय. बोट लागत असेल तर खालच्या डेकची मधली खोली, तिथे हेलकावे कमी. वायफाय घेऊ नका. फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, नाहीतर जहाजाच्या नेटवर्कवर रोमिंग चालू होऊन घरी आल्यावर बिल बघून चक्कर येईल. आणि सर्वात महत्त्वाचं: रोजची ग्रॅच्युइटी आपोआप खात्यावर चढते. आम्ही गेलो तेव्हा अमेरिकी कंपन्यांत माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर होती. ही बहुतेक ठिकाणी ऐच्छिक असते. गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जाऊन शांतपणे काढून टाकायला सांगा. आमच्या ग्रुपने सगळ्यांनी मिळून काढली. चौघांच्या कुटुंबाचे किती वाचतात ते तुम्हीच गुणून बघा.

वेंगुर्लेकर

सदाशिवराव, गुणून बघितलं. आता मी सांगतो कोणाच्या खिशातून वाचले ते.

मी बरीच वर्षं डायनिंग रूममध्ये होतो. आठ-नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, त्यात पूर्ण सुट्टीचा एकही दिवस नाही. आंतरराष्ट्रीय नियमाने चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती आणि आठवड्याला ७७ तास. ऐकायला बरं वाटतं. ते दहा तास दोन तुकड्यांत मोडता येतात, एक तुकडा सहा तासांचा मिळाला की झालं. न्याहारीची ड्युटी, मग जेवण, मध्ये तास-दोन तास डोळा लागेपर्यंत परत युनिफॉर्म. खोली पाण्याच्या पातळीजवळ, दोघांत एक, दिवस की रात्र कळत नाही. आमच्या पगारातला मोठा भाग त्या ग्रॅच्युइटीतून यायचा.

तुमच्या ग्रुपसारखे ग्रुप आले की तिसऱ्या दिवशी सुपरवायझर सांगायचा, काढली. आणि तेच लोक शेवटच्या रात्री आमच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढायचे, 'आपला कोकणचा माणूस, काय सर्व्हिस दिली!'

सीए सदाशिव

भावनिक होऊ नका. पगार देणं कंपनीचं काम. माझ्याकडून तिकिटाचे पूर्ण पैसे घेऊन वर नोकराचा पगारही मीच द्यायचा, हा कुठला धंदा? हॉटेलातल्या सर्व्हिस चार्जलाही माझा हाच विरोध आहे. एकदा ठाण्याच्या एका हॉटेलात मी यावरून तासभर वाद घातला होता.

वेंगुर्लेकर

नोकर?

खमंग काकडी

सदाशिवराव, तो शब्द मागे घ्या.

सीए सदाशिव

बरं, कर्मचारी. शब्दाचा कीस पाडू नका. मुद्दा तत्त्वाचा आहे.

निळी छत्री

तत्त्वाचा असेल तर तिकीट काढतानाच त्या कंपनीला नाही म्हणायचं. चार दिवस हातात आयतं घ्यायचं, टॉवेलचा हत्ती करून ठेवला की मुलांबरोबर फोटो काढायचा, आणि शेवटी काउंटरवर तत्त्व आठवायचं!

(आम्ही काढली नव्हती. नवऱ्याला काढायची होती.)

अष्टपैलू

मी सदाशिव यांच्या बाजूने. वेंगुर्लेकर, राग कंपनीवर काढा. तिने पगार पूर्ण दिला असता तर तुमचं आणि गिऱ्हाइकाचं भांडणच झालं नसतं. तिने तुम्हाला आमच्या अंगावर सोडलंय.

वेंगुर्लेकर

हे बरोबर आहे. आम्ही मेसमध्ये हेच बोलायचो. पण मेसमध्ये बोलून कंपनी बदलत नाही, आणि तुम्ही ग्रॅच्युइटी काढल्यानेही बदलत नाही. त्या महिन्याला घरी कमी पैसे जातात एवढंच.

आता आलोच आहे तर मूळ विषयावर. मुशाफिर, तुमच्या माहितीसाठी: क्रू मेसमध्ये आम्ही भारतीय पोरं रोज भातच खायचो. वर गिऱ्हाइकाला लॉबस्टर वाढून खाली येऊन डाळीत लोणचं कालवायचं. फिलिपिनो त्यांचा भात, आम्ही आमचा. गोव्याचे जुने तारवटी, म्हणजे जहाजावर काम करणारे, तर घरून खारवलेल्या बांगड्याचं पार्सल आणायचे, कोणाच्या लॉकरमध्ये आहे ते सगळ्या कॉरिडॉरला कळायचं. यातली बरीच मंडळी मुंबईत धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गोवेकरांच्या गाववार वसतिगृहांत, राहून जहाजाची वाट बघितलेली. आयुष्यभर समुद्रावर राहिलेला माणूस जिभेने घर सोडत नाही, तर चार दिवसांच्या पाहुण्याने का सोडावं? मेतकूट काढणाऱ्यांचा मला कधीच त्रास झाला नाही. त्रास झाला तो ताटं टाकणाऱ्यांचा. एकाच ताटलीत पास्ता, सुशी, वर राजमा, कडेला टिरामिसू. दोन घास खाऊन बाजूला, आणि नवी ताटली. त्यात मराठी, गुजराती, चिनी, ऑस्ट्रेलियन सगळे सारखे.

गिरगावकर आजोबा

तुम्हा मंडळींचं क्रूझ-क्रूझ वाचून हसू येतं. आम्ही 'कोकण सेवक'ने भाऊच्या धक्क्यावरून जायचो. डेकवर सतरंजी पसरायची, ट्रंका लावून हद्द आखायची. दशम्या, कांदा, लसणीची चटणी. खलाशी अंगावरून उड्या मारत जायचे. बंदर आलं की बोट लांब उभी राहायची आणि पोरंबाळं, कोंबड्या, फणस सगळं पडावात. दुसऱ्या दिवशी सकाळी पणजी. बुफे नाही, टिप नाही, पॅकेज नाही. खरा समुद्र तो. तुमची क्रूझ म्हणजे तरंगता मॉल.

चिऊताई

आजोबा, नमस्कार करून सांगते, तो खरा समुद्र माझ्या आजीने उलट्या करत काढला. ती म्हणायची, वेंगुर्ल्यापर्यंत डोळे मिटून पडायचं, बाकी काही आठवत नाही. आणि १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. आता पाहुणे चढल्याबरोबर लाइफ जॅकेट आणि जमायची जागा दाखवल्याशिवाय बोट निघत नाही. मला मॉल चालेल.

गिरगावकर आजोबा

रामदास आमच्या घराण्यालाही माहीत आहे, बाई. आमच्या आत्याचे यजमान त्यात होते. मी दशम्यांबद्दल बोलत होतो.

चिऊताई

माफ करा, आजोबा.

अष्टपैलू

वेंगुर्लेकर, एक विचारायचं राहिलं. रोख टिप वेगळी दिली तर ती तुमच्याकडे राहते की जमा करावी लागते?

वेंगुर्लेकर

मी होतो तिथे पद्धत अशी होती: पाहुण्याने खात्यावरची ग्रॅच्युइटी काढली असेल तर त्याने दिलेली रोख सामायिक खात्यात भरायची. काढली नसेल तर वरची रोख तुमची. म्हणून 'खात्यावरची काढतो, पण तुला हातात देतो' म्हणणाऱ्यांचा आम्हाला काही फायदा नसायचा. आणि वॉशिंगवाल्याला, रात्री गॅली, म्हणजे जहाजाचं स्वयंपाकघर, घासणाऱ्याला हातात द्यायला कोणी खाली येत नाही. त्यांचा वाटा त्या सामायिक पैशातूनच.

सीए सदाशिव

ही माहिती आमच्या टूर लीडरने दिली नव्हती. माहिती असती तर कदाचित ठेवली असती. पण सक्तीला माझा विरोध कायम आहे, हे नोंदवून ठेवतो.

निळी छत्री

नोंदवलं. पावती हवी का?

मुशाफिर

माझ्या लेखावर सुरू झालेल्या धाग्यात माझा लेख कुठेच उरलेला नाही, त्याबद्दल सर्वांचे आभार. ताटं टाकण्याबद्दल वेंगुर्लेकरांनी लिहिलं ते मी लिहायला हवं होतं. महाबळेश्वरचं वाक्य मात्र काढणार नाही, ते चांगलं जमलंय.

खमंग काकडी

राहू द्या. सासूबाईंनी वाचलं, हसल्या. पुढच्या खेपेला त्यांना बाल्कनीवाली खोली हवी आहे आणि मेतकूट घरचं नेणार आहेत. वेंगुर्लेकर, बाल्कनी कुठल्या बाजूची घ्यावी? आणि खालच्या डेकवर मिळते का? त्यांना बोट लागत नाही, मला लागते.

वेंगुर्लेकर

मधली, जमेल तेवढी खालची. अगदी खालच्या डेकवर बाल्कनी नसते. बाजूचं म्हणाल तर परतीच्या मार्गावर उलटं होतंच, त्यासाठी जास्त पैसे देऊ नका. गोळी बोट निघायच्या आधी घ्या, पोटात ढवळायला लागल्यावर नाही. आणि मेतकूट बंद पाकिटातलं न्या. घरचं सुटं पीठ बघून मलेशियाचे कस्टमवाले उगाच प्रश्न विचारत बसतात.