गल्लीचं काँक्रिटीकरण: आधी काय, नंतर काय?

प्रश्न: ६ मीटर रुंद गल्लीचा रस्ता काँक्रीटचा होणार आहे. खाली पाण्याची आणि ड्रेनेजची लाइन, दोन्ही जुन्या. कामाचा क्रम कसा लावावा?

प्रतिसाद १: सगळ्यात खोल ते आधी. म्हणजे ड्रेनेज, मग पावसाळी गटार, मग पाणी, शेवटी केबल. पाण्याची लाइन ड्रेनेजपासून ३ मीटर लांब ठेवा. एवढ्या गल्लीत ते क्वचितच जमतं, तेव्हा निदान अर्धा मीटर वरून न्या. घराघरांची कनेक्शनं आत्ताच बदला. मुख्य लाइन नवी आणि कनेक्शन जुनं गंजकं ठेवलं की गळती तिथेच सुरू होते. चर बुजवण्याआधी प्रेशर टेस्ट (पाइपात दाबाने पाणी भरून गळती तपासणं) हवीच.

प्रतिसाद २: खरी गडबड चर बुजवताना होते. माती एकदम ढकलून वरून रोलर फिरवला तर खालचा भराव पोकळच राहतो, पावसाळ्यात बसतो आणि काँक्रीटला तडा जातो. १५०–२०० मिमीचे थर, प्रत्येक थर ओलावून ठोकलेला. पाइपभोवती दगड नको, वाळू किंवा बारीक खडी.

प्रतिसाद ३: दर ३०–४० मीटरवर आडवे रिकामे पाइप टाकून ठेवा, आत नायलॉनची दोरी, दोन्ही तोंडं बंद. नाहीतर उद्या केबलवाला रस्ता फोडणारच! आणि जुना थर खरवडल्याशिवाय वर काँक्रीट ओतू देऊ नका. रस्ता उंबऱ्याच्या वर गेला की पाणी घरात.

प्रश्नकर्ता: चेंबरची झाकणं?

प्रतिसाद १: रस्त्याची अंतिम लेव्हल दोरीने पक्की करून मगच झाकणाची फ्रेम बसवा.