नवरा ‘एकच मॅच’ म्हणतो आणि पोळ्या गार होतात

नाशिकची_सून: रात्री साडेनऊला मी ताटं घेते आणि नवऱ्याचं विमान एरँगलवर, म्हणजे गेममधल्या बेटावर! बीजीएमआय हा मोबाइलवरचा गोळीबाराचा गेम, हॉस्टेलचे तीन मित्र, कानात हेडफोन. सासूबाई म्हणतात, “दारू तर पीत नाही ना?” हे काय उत्तर झालं? भांडण नकोय, जेवण एकत्र हवंय. काय करू?

चिकन_डिनर: ताई, मीही त्यातलाच. ऑनलाइन मॅचला पॉज नसतो. शंभर जण उतरतात, शेवटपर्यंत टिकलो तर अर्धा तास जातो. मध्येच उठलो की बाकीच्या तिघांच्या शिव्या. म्हणून लॉबीत, म्हणजे मॅच सुरू व्हायच्या आधी थांबतात तिथे, असतानाच गाठा. आमच्याकडे कुकर लागला की नवी मॅच नाही, असं ठरलंय. (शिट्ट्या मोजायचं कामही माझ्याकडेच आलं, ते जाऊ दे.)

सोलापूरची_मावशी: सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली तेव्हा मी पेढे वाटायचीच बाकी होते. आठवड्यात आमचे साहेब लुडोवर! २०२१ मध्ये बीजीएमआय, म्हणजे पबजीचंच भारतातलं रूप आलं, पुन्हा तेच. गेम निमित्त हो, त्यांचा कट्टा आहे तो.

नाशिकची_सून: काल शेजारी बसून ऐकलं. दुबईतल्या मित्राची नोकरी गेलीय, गोळीबार कमी नि त्याचंच बोलणं जास्त. मला हे माहीतच नव्हतं. इथले साडेनऊ म्हणजे तिकडचे आठ, त्यामुळे वेळ तीच राहणार. आजपासून पानं पावणेनऊला. भांडी मात्र तो घासणार, मॅचआधी.