प्रतिसाद: कायदा झाला, पण घर कोणाच्या नावावर?
वर कुणीतरी म्हटलंय की १९५० च्या विवाह कायद्यानं चिनी बायकांचा प्रश्न सुटला. कायदा मोठा होताच, जबरदस्तीची लग्नं, बालविवाह, रखेल ठेवणं सगळं बंद केलं आणि बाईला घटस्फोट मागता यायला लागला. पण आत्ताचं बघा ना, २०२१ पासून दोघांच्या संमतीनं घटस्फोट हवा असला तरी अर्ज केल्यावर ३० दिवस थांबायचं, तेवढ्यात नवऱ्यानं एकट्यानं जाऊन अर्ज मागे घेतला की संपलं, मग कोर्टाच्या चकरा. शिवाय २०११ मध्ये चीनच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की लग्नाआधी ज्यानं फ्लॅट घेतला, स्वतःच्या नावावर केला तो साधारणपणे त्याचाच, आणि तिकडे फ्लॅट बहुतेकदा मुलाकडचेच घेतात. शिकलेल्या, कमावत्या पोरी लग्नच नको म्हणतात त्यात मला तरी काही चूक वाटत नाही. आणि २०२२ च्या २४ जणांच्या पॉलिटब्युरोत, म्हणजे चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या वरच्या निर्णय मंडळात, एकही बाई नाही, हे फार खटकतं.