भर मे महिन्यात भिंतीला ओल, फोडण्याआधी काय तपासू?

दादरवाली, जळगाव
मागच्या आठवड्यात कोठीच्या खोलीतलं दादरचं (ज्वारीचं) पोतं ओढलं तर बूड ओलं. तळाचे दाणे फुगलेले, आंबूस वास. मागची भिंत गुडघ्यापर्यंत काळपट, रंगाचे पोपडे बोट लावलं की गळतात. बाहेर पारा ४४ वर, पावसाचा पत्ता नाही, म्हणजे गच्चीला दोष देता येत नाही. भिंतीपलीकडे न्हाणीघर आहे.

एका प्लंबरला बोलावलं. त्याने भिंतीवर दोनदा टकटक केलं आणि म्हणाला, "सगळी लाइन बदला, टाइल्स काढाव्या लागतील." चाळीस हजार! चहासुद्धा पूर्ण प्यायला नाही. यजमान सुरतला नोकरीला, सासूबाई म्हणतात पोतं हलवलंस ना, झालं मग.

व्हिडिओत सांगतात, नळ बंद करून मीटर बघा. आमच्याकडे मीटर कुठे? वाघूर धरणाचं पाणी दोन दिवसांआड तासभर येतं, ते हौदात, मग मोटरने गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत. गळती आहे कुठे, हे घरच्या घरी कळेल का?

भुसावळचा फिटर (आता घरीच)
कळेल, ताई. मीटर नसला तरी गच्चीवरची टाकी आहे ना, तोच मीटर समजा.

रात्री सगळे झोपले की मोटर बंद, सगळे नळ बंद. झाकण उघडून सळईने किंवा सरळ काठीने पाण्याची उंची मोजा, सकाळी कुणी तोंड धुवायच्या आत परत मोजा. टाकीचा व्यास मीटरभर असेल तर एक सेंटिमीटर उतरलं म्हणजे साधारण आठ लिटर गेलं. पाणी उतरलं तर गळती प्रेशरच्या लाइनीत, म्हणजे टाकीतून नळांना येणाऱ्या पाइपात. उतरलं नाही आणि तरी ओल वाढते, तर दोष सांडपाण्याच्या पाइपात किंवा नाहणी ट्रॅपच्या (फरशीतल्या जाळीखालच्या भांड्याच्या) भोवती. दोन्हींची दुरुस्ती वेगळी, खर्चही वेगळा.

फ्लशची टाकी सोडू नका. तिच्यात हळदीचं पाणी ओता, पंधरा मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात पिवळं उतरलं तर आतला वॉशर गेला. तो बदला आणि रात्रीची मोजणी परत करा, कारण फ्लश गळत असेल तरी गच्चीवरचं पाणी उतरतं.

आणि एक. त्या भिंतीवर स्विचबोर्ड आहे का?

दादरवाली, जळगाव
आहे. ओल त्याच्या वीतभर खाली.

भुसावळचा फिटर (आता घरीच)
मग बाकी सगळं नंतर. त्या खोलीचा एमसीबी (मेन बोर्डावरचा वीज तोडणारा स्विच) आत्ता खाली पाडा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. ओल्या भिंतीतल्या बोर्डाला हात लावून बघायचं नाही.

भरीत पार्टी
ताई, भिताड फोडाले कितला येळ लागस! फोडायचंच तर एक टाइल, तीही जागा सापडल्यावर. माझ्या भावाने एका थेंबापायी आख्खं न्हाणीघर उकललं, शेवटी निघाला बेसिनखालचा अँगल कॉक.

दादरवाली, जळगाव
चार दिवस लागले, पण सापडलं.

पहिली रात्र: सगळं बंद, सकाळी ३ सेंटिमीटर कमी. चोवीस लिटर! इथे आम्ही भांडी घासलेलं पाणी तुळशीला घालतो.

दुसरी रात्र: गच्चीवरून न्हाणीघराकडे उतरणाऱ्या पाइपाचा व्हॉल्व्ह बंद केला. सकाळी काठीवरची खूण जिथल्या तिथे. म्हणजे स्वयंपाकघर सुटलं.

तिसऱ्या रात्री तो व्हॉल्व्ह उघडा ठेवला आणि फक्त गिझरच्या आत जाणाऱ्या थंड पाइपाचा कॉक फिरवला. (गिझर अर्थातच बंद, त्याचा पिनही काढून ठेवला.) परत खूण हलली नाही. म्हणजे गळती गिझरच्या पुढे, गरम पाण्याच्या लाइनीत.

हे सगळं कागदावर लिहून दुसऱ्या प्लंबरला दिलं. त्याने वाचलं, हसला, म्हणाला, "माझं अर्धं काम केलं वहिनी तुम्ही." दोन टाइल्स काढल्या. आत थंड पाण्याच्या पाइपाचा, पांढरा यूपीव्हीसीचा एल्बो (कोपऱ्याचा जोड), गरम पाण्याला! पाणी तापून सांधा सुटलेला, बोटाने हलत होता. तिथे गरम पाणी सोसणारा सीपीव्हीसी लागतो. तेवढा गरम लाइनीचा तुकडा बदलला, टेस्टिंग पंपाने दाब देऊन अर्धा तास काटा बघितला, मगच सिमेंट लावलं. खर्च २,६००. टाइल्स मात्र त्या रंगाच्या मिळाल्या नाहीत, दोन पांढऱ्या उठून दिसतात.

खालचं पायलीभर दादर टाकून दिलं, उरलेलं गच्चीवर वाळतंय. आता कोठीला रंग कधी लावू? आखाजीला (अक्षय तृतीयेला) नणंदा येताहेत.

भुसावळचा फिटर (आता घरीच)
पोपडे खरवडून भिंत उघडी ठेवा, पंखा लावा. आठेक दिवसांनी हातभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा. दुसऱ्या दिवशी आतून दव दिसलं तर अजून थांबा. ओल्यावर पुट्टी मारली तर पावसाळ्याआधी परत फुगेल. नणंदांना भिंत तशीच दाखवा.

दादरवाली, जळगाव
सासूबाई म्हणतात त्या भिंतीला कपाट लावू.

भरीत पार्टी
कपाट नको! मागे हवा कशी लागणार?