शाळेतला नाताळ: २०० रुपये, लाल ड्रेस आणि मागं उभी राहिलेली एक मुलगी

विश्रामबागची आई
नमस्कार मंडळी. मुलगा दुसरीत, सांगलीतच इंग्लिश मीडियमला, शाळेचं नाव लिहीत नाही. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी ख्रिसमस सेलिब्रेशन असतं. परवा ग्रुपवर मेसेज आला, लाल ड्रेस कंपल्सरी, केक आणि डेकोरेशनचे २०० रुपये, शिवाय १०० पर्यंतचं गिफ्ट पॅक करून आणायचं, चिठ्ठीत ज्याचं नाव निघेल त्याला द्यायला. नाताळाला माझा विरोध अजिबात नाही, हे आधीच सांगते. पण मागच्या वर्षीचं ऐका. माझ्या पोराला सांता केलेलं, पुठ्ठ्यावर फेविकॉलनं कापूस चिकटवून केलेली दाढी, इलॅस्टिकनं कानाला अडकवलेली, भर दुपारचं ऊन, तो सगळा वेळ गाल खाजवत होता. गिफ्टं वाटली तर एकाच्या पाकिटात निघाला खोडरबर आणि शेजारच्याला रिमोटची गाडी. खोडरबरवाला रडला नाही, नुसता पाकिटाची चिकटपट्टी परत लावत बसला, ते अजून डोळ्यापुढनं जात नाही माझ्या. आणि त्याच वर्गात मिरजेची एक ख्रिश्चन मुलगी आहे, रिक्षानं येते रोज. तिच्या घरी खरा नाताळ असतो, पण तिला कुणी एका शब्दानं विचारलं नाही की तुमच्यात काय करता गं. ती मागं झिरमिळ्या धरून उभी. माझं म्हणणं एवढंच की नाताळ करा, पण ज्यांचा सण आहे त्यांना विचारून करा, दुकानातनं आणलेला नको. तुम्हाला काय वाटतं?

वाळव्याचा गडी
ताई, मला मुळातच पटत नाही. २४ डिसेंबरला साने गुरुजींची जयंती असते, ती किती शाळांत होते? ३ जानेवारीला सावित्रीबाईंची, नायगाव आपल्या साताऱ्यातलंच, खंडाळा तालुका. त्या दिवशी फोटोला हार घालायचा नि पाच मिनिटांत आटपायचं, आणि सांताच्या डान्सची प्रॅक्टिस आठवडाभर. आमच्या बहिणींच्या शाळेत हादगा व्हायचा, पाटावर हत्ती काढायचा, त्याच्याभोवती फेर धरायचा, गाणी म्हणून झाली की डबा हलवून खिरापत ओळखायची. आज माझ्या पुतणीला हादगा म्हणजे काय ते सांगावं लागतं. याचं मला खरंच वाईट वाटतं. आधी घरचं तरी धड करा.

शंभर फुटी रोड
मी याच्या उलट मताचा. आम्ही दोघं नोकरीला, पोरीला आठवडाभर आम्ही दिसतो ते रात्री आठनंतर. ती त्या लाल फ्रॉकची वाट दिवाळीपासून बघते. वर्षातनं एक दिवस पोरं नाचली, केक खाल्ला, तर त्याला संस्कृतीचा प्रश्न का करायचा? आणि २०० रुपये आपण एका वेळच्या वडापाव नि आइस्क्रीमला घालवतो की ओ. शाळेनं विकत आणलं म्हणून आनंद खोटा होतो असं मला नाही वाटत.

वाळव्याचा गडी
तुमचे जात असतील दादा, सगळ्यांचे नाही जात. आणि कंपल्सरी शब्दाला माझी हरकत आहे. घटनेचं २८ वं कलम बघा, सरकारी मान्यतेच्या शाळेत धार्मिक शिक्षण किंवा उपासना असेल तर पालकांच्या संमतीशिवाय मुलाला त्यात बसवता येत नाही.

शंभर फुटी रोड
केक खाणं ही काय उपासना आहे का? कलम बरोबर आहे तुमचं, पण ते इथं लागू होत नाही. प्रार्थना कुणी म्हणायला लावत नाही. आपल्या जिल्ह्यात कडेगावला मोहरमचे एवढे उंच ताबूत निघतात, त्यात हिंदू घरं किती राबतात ते जाऊन बघा. दुसऱ्याच्या सणात उभं राहिल्यानं आपला सण जात नाही. तुमचा हादगा नाताळानं बंद पडला नाही, आपणच बंद केला.

कोरेगावची बाई
मी सातारा जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत शिकवते म्हणून दोन शब्द. आमच्याकडं सत्र दिवाळीआधीच संपतं, नाताळाची सुट्टी २५ ची तेवढी एकच, त्यामुळं हे सत्र संपतानाचं सेलिब्रेशन वगैरे आमच्यात नसतं. पण मागच्या २४ ला मी वर्गात नाताळ केला. खर्च काही नाही. जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांच्या चांदण्या कापल्या, खळ लावून वर्तमानपत्राचे रंगीत कागद चिकटवले, खिडकीच्या गजांना बांधल्या. मग गोष्ट सांगितली, की लांबनं चालत आलेलं जोडपं, बाई दिवस भरलेली, गावात कुठंच जागा मिळाली नाही, म्हणून बाळ गोठ्यात झालं नि गव्हाणीत निजवलं. डिसेंबर म्हणजे ऊसतोडीचा हंगाम, बीडकडची तीन-चार मुलं माझ्या वर्गात असतात, कारखाना चालू तोवरच. त्यातली एक कधी तोंड उघडत नव्हती. ती म्हणाली, बाई, माझा भाऊ पण कोपीत (ऊसतोडीवरच्या झोपडीत) झालाय, थंडीत. सगळा वर्ग तिच्याकडं बघायला लागला, तिला विचारायला लागला, पाळणा कशाचा केला, दिवा होता का. ती सांगत बसली, साडीची झोळी, बैलगाडीचा कंदील. एवढी वर्षं शिकवते पण असा तास मला क्वचित मिळालाय. म्हणून वाळव्याच्या दादांना सांगते, साने गुरुजी मी पण करते, सावित्रीबाई तर करतेच, नाताळ मात्र मी सोडणार नाही.

मिरजेची लेक
कालपासून वाचतेय, लिहू का नको करत होते. आम्ही मराठी ख्रिस्ती. माझी आजी वानलेस हॉस्पिटलला नर्स होती, ते हॉस्पिटल १८९४ चं, म्हणजे आम्ही काय काल आलेलो नाही. आमच्या घरी नाताळाला करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या होतात, डबे शेजारी जातात, दिवाळीला त्यांचे आमच्याकडं येतात. दारात कामट्यांची चांदणी, आत बल्ब. रात्री गल्लीत गाणी म्हणत फिरतात, पेटी आणि ढोलकीवर, मराठीत. रेव्हरंड ना. वा. टिळक शेवटी शेवटी साताऱ्यात होते, त्यांची भजनं आमच्या चर्चमध्ये अजून सगळ्यांना पाठ आहेत. त्यामुळं नाताळ बाहेरचा हे ऐकलं की मला लागतं, दादा. सांता आमच्या घरात कधीच महत्त्वाचा नव्हता. संत निकोलस चौथ्या शतकातले बिशप, आताच्या तुर्कस्तानातले, लाल कोट नि गुबगुबीत पोट हे सगळं फार नंतरचं.
पण विश्रामबागच्या ताई, तुमच्याशी पण थोडं भांडायचंय. मी चौथीत असताना बाईंनी मला पुढं बोलवून सांगितलं, सांग तुमच्यात काय करतात. त्या दिवसापर्यंत मी वर्गातली एक होते, दुसऱ्या दिवसापासनं मी 'तुमच्यातली' झाले. डबा खाताना दोघी सरकून बसल्या. बाईंच्या मनात वाईट नव्हतं, तरी झालं. सात वर्षांच्या पोरीवर अख्ख्या समाजाचं ओझं टाकू नका. विचारायचं तर तिच्या आईला विचारा, ते पण बाजूला घेऊन.

विश्रामबागची आई
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चुकलंच माझं, बरं झालं लिहिलंत.

वाळव्याचा गडी
मिरजेच्या ताई, बाहेरचा असं मी लिहिलं नव्हतं, पण तुम्हाला तसं वाटलं तर माफ करा. करंज्यांचा नाताळ असेल तर माझं काही म्हणणं नाही. लाल ड्रेस कंपल्सरीला मात्र माझा विरोध राहणार.

शंभर फुटी रोड
गिफ्टं बंद केली तर मला चालेल, ते खोडरबरचं वाचून कसंतरी झालं. सांता काढू नका मात्र, पोरीला काय सांगू मी?

विश्रामबागची आई
अपडेट देते. काल रिक्षा स्टॉपवर त्या मुलीच्या आईशी बोलले, बाजूला घेऊन. त्या म्हणाल्या करंज्या करून देते चाळीस पोरांना, आणि चांदण्या करायला येते पण, फक्त सगळ्या पोरांसोबत, माझ्या मुलीला वेगळं काढू नका. क्लास टीचरला मेसेज टाकला. त्यांचं उत्तर, बाहेरचं खाणं चालत नाही आणि २०० रुपये निम्म्या पालकांचे जमा झालेत. सोमवारी साडेअकराला भेटायला बोलवलंय. आणखी दोघी आया येतायत. इथं कुणाचं पोरगं त्याच वर्गात असेल तर या.